ओडेसा ते परळ : युक्रेनमधील वैद्यकाचा इतिहास आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. युक्रेन कोठे आणि आपण कोठे? तेथील वैद्यकाच्या इतिहासाशी आपल्या मुलांचा काय संबंध? परंतु थोडा विचार केला तर हा संबंध दुहेरी असल्याचे दिसून येईल. पहिला संबंध अलीकडचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा त्या देशात अठरा हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्यांतील बहुतेक वैद्यकीय शाखेचे होते आणि आपल्या महाराष्ट्रातीलही पुष्कळ होते. दुसरा संबंध सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. मुंबईच्या परळ भागात हाफकिन संस्था उभी आहे. तिच्यावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हे नाव ओडेसा या युक्रेनमधील बंदराच्या गावी जन्मलेल्या एका माणसाचे आहे, आणि त्याच्या कार्याला प्रथम उचलून धरणाऱ्यांत मुंबईच्या मुसलमानांचा मोठा वाटा होता?

या दोन टोकांमध्ये जे आहे ते मी आज आपल्यासमोर मांडणार आहे. नावांची जंत्री वाचून दाखवण्याचा माझा हेतू नाही. या इतिहासातून पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी काय घ्यावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

जुना वारसा

आज युक्रेन म्हणून ओळखला जाणारा प्रदेश इतिहासात अनेक सत्तांखाली विभागलेला होता. काही भाग पोलंडकडे, काही ऑस्ट्रियाकडे, पुष्कळसा रशियन झारच्या साम्राज्यात. म्हणून तेथील अनेक शास्त्रज्ञांना जुनी पुस्तके नुसते 'रशियन' म्हणून मोकळी होतात. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

अकराव्या शतकात कीव्हच्या प्रसिद्ध गुहा-मठात अगापित नावाचा एक साधू होता. तो रोग्यांना औषध देई आणि त्याबद्दल कवडीही घेत नसे. त्यामुळे त्याला 'फुकट औषध देणारा वैद्य' असेच नाव पडले. त्यानंतर चारशे वर्षांनी द्रोहोबिच या छोट्या गावचा युरी नावाचा एक मुलगा शिकत शिकत थेट इटलीतील बोलोन्या विद्यापीठापर्यंत पोहोचला. तेथे तो वैद्यकाचा पंडित झाला आणि १४८१-८२ मध्ये त्या विद्यापीठाचा प्रमुखही झाला. त्या काळी बोलोन्यात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना जे ग्रंथ शिकवले जात, त्यांत इब्न सिना यांचा 'अल्-कानून' हा एक मुख्य ग्रंथ होता. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या एका मुसलमान हकिमाचा ग्रंथ इटलीत शिकवला जातो आणि तो शिकायला द्रोहोबिचचा मुलगा जातो! ज्ञानाला सरहद्दी नसतात, हे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. येथे ते प्रत्यक्ष दिसते.

आणखी एक आठवण सांगण्यासारखी आहे. उस्मानी सुलतान सुलेमान यांची पत्नी हुर्रेम सुलतान ही मूळची रोहातिन गावची, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधली, अशी परंपरा आहे. गुलाम म्हणून इस्तंबूलला नेलेली ही मुलगी पुढे मलिका झाली. तिने त्या शहरात मशीद बांधली, मदरसा बांधला, आणि त्यांच्या जोडीला १५५० च्या सुमारास एक दवाखानाही बांधला. 'हासेकी' या तिच्या किताबाच्या नावाने इस्तंबूलमध्ये आजही रुग्णालय चालते. मशीद, मदरसा आणि दवाखाना ही तिन्ही एका आवारात असावीत, ही आपल्या पूर्वजांची दृष्टी होती. तीपैकी तिसरी गोष्ट आपल्या हातून कशी सुटली, याचा विचार आपला आपण करावा.

आधी माणूस, मग डॉक्टर

आता एकोणिसाव्या शतकाकडे येऊ. निकोलाय पिरोगोव हा शल्यविशारद १८१० मध्ये मॉस्कोत जन्मला, पण त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध युक्रेनमध्ये गेला. १८४७ साली कॉकेशसच्या रणभूमीवर त्याने ईथरची भूल देऊन जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यापूर्वी हातपाय कापताना सैनिकाला चार जणांनी दाबून धरावे लागे. १८५४-५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला असताना त्याने तीन गोष्टी रूढ केल्या. पहिली, जखमींची आल्याबरोबर वर्गवारी करायची : कोणाला ताबडतोब हात लावायचा, कोण थांबू शकतो, कोणाला फक्त दिलासा द्यायचा. दुसरी, मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालायचे, म्हणजे उठल्यासुटल्या पाय कापावा लागत नाही. तिसरी, रुग्णसेवेसाठी शिकवून तयार केलेल्या स्त्रिया रणांगणाजवळ न्यायच्या. आज कोठल्याही अपघात विभागात गेलात तर या तिन्ही गोष्टी दिसतील.

पण शिक्षणसंस्थेच्या या व्यासपीठावरून मला पिरोगोवचे दुसरे रूप सांगायचे आहे. युद्धावरून परतल्यावर १८५६ साली त्याने शिक्षणावर एक निबंध लिहिला. मुलाला लहानपणापासून एखाद्या धंद्याच्या चरकात घालण्याआधी त्याला माणूस म्हणून घडवा, असा त्याचा आशय होता. त्या निबंधामुळे त्याला आधी ओडेसा आणि मग कीव्ह विभागाच्या शिक्षणाचे प्रमुखपद मिळाले. शाळांतील छडीचा मार कमी व्हावा म्हणून त्याने खटपट केली. ओडेशातील यहुदी मुलांच्या धार्मिक शाळेतील चांगल्या शिकवणुकीचे त्याने जाहीरपणे कौतुक केले. १८५९ मध्ये कीव्हला कामकरी माणसांसाठी रविवारच्या शाळा निघाल्या, त्यांना त्याचा पाठिंबा होता. वरिष्ठांना हे रुचले नाही आणि १८६१ साली त्याला पदावरून दूर व्हावे लागले. मग विन्नित्साजवळच्या आपल्या खेड्यात राहून त्याने गोरगरिबांवर मोफत उपचार केले, आणि तेथेच १८८१ मध्ये तो वारला.

ज्या घरात "मुलगा डॉक्टर झालाच पाहिजे" हे वाक्य रोज ऐकू येते, त्या घरातील आईवडिलांनी हा विचार जरा मनाशी घोळवावा, एवढीच माझी विनंती आहे.

ओडेशाची प्रयोगशाळा

खार्कीव्हजवळ १८४५ साली जन्मलेला इल्या मेच्निकोव हा विलक्षण बुद्धीचा विद्यार्थी. खार्कीव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत पुरा केला. पुढे तो ओडेसा येथील विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे समुद्रकाठी राहत असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात एक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या काट्याभोवती शरीरातल्या हिंडत्या पेशी गोळा झालेल्या! घरात चोर शिरावा आणि गल्लीतल्या माणसांनी त्याला घेरावे, तसा तो प्रकार होता. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धांत या साध्या प्रयोगातून निघाला. त्याबद्दल मेच्निकोवला १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

१८८६ मध्ये ओडेसा येथे जंतुशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली. रशियन साम्राज्यातील ती अशी पहिली संस्था. मेच्निकोव तिचा प्रमुख होता आणि निकोलाय गामालेया हा त्याचा तरुण सहकारी होता. पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडून पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस शिकून येऊन गामालेयाने ती येथे टोचायला सुरुवात केली. उतारवयात मेच्निकोवने दह्यातील जंतू आतड्यांना हितकारक असतात आणि त्यामुळे आयुष्य वाढते, असे मत मांडले. आयुष्य वाढते हे काही सिद्ध झाले नाही, पण आतड्यातील उपयुक्त जंतूंचा अभ्यास आज साऱ्या जगात चालू आहे. आपल्या आजीला दह्याची महती सांगायला पॅरिसचा पंडित लागला नव्हता, ही गोष्ट वेगळी!

हाफकिन आणि मुंबई

याच मेच्निकोवचा एक विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन. त्याचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात झाला. त्या काळात तेथे यहुद्यांवर वारंवार हल्ले होत. १८८१ च्या दंगलीत आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभा राहिला म्हणून या तरुणाला अटक झाली. विद्यापीठात वरची जागा हवी असेल तर धर्म बदल, असे त्याला सुचवण्यात आले. त्याने नकार दिला. जागा गेली, त्याने विद्या सोडली नाही, आणि धर्मही सोडला नाही. ओडेशाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात लहानशी नोकरी करून त्याने अभ्यास चालू ठेवला. पुढे तो देश सोडून जिनिव्हाला आणि तेथून पॅरिसला गेला. मेच्निकोव तेव्हा पाश्चर संस्थेत होता. शिष्यासाठी त्याला मिळवता आली ती जागा फक्त ग्रंथालयातील साहाय्यकाची! दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे. अशा स्थितीत १८९२ साली त्याने पटकीवर लस तयार केली आणि ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

लस तयार झाली, पण ती वापरून पाहायची कोठे? हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये इंग्लंडचे राजदूत होते. त्यांनी हिंदुस्थानचे नाव सुचवले. १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरला आणि पुढील अडीच वर्षांत त्याने आपल्या देशात चाळीस हजारांहून अधिक लोकांना पटकीची लस टोचली. जबरदस्ती कोठेही नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी, असा त्याचा शिरस्ता होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. तो प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. शहरात हाहाकार उडाला. लोक मिळेल त्या गाडीने गावी पळू लागले. ऑक्टोबरात सरकारने हाफकिनला मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सरंजामावर त्याने काम सुरू केले. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी त्याने काय वापरले, ठाऊक आहे? तूप. पोषक रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्या थेंबांना लोंबकळत भराभर वाढतात, असे त्याला आढळले. मग उष्णतेने ते जंतू मारायचे आणि मेलेल्या जंतूंची लस करायची. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे राजी होते त्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच झाला आणि दोघेही वाचले.

परंतु शास्त्राचा पुरावा निराळा आणि लोकांचा विश्वास निराळा. तो काळ कसा होता हे आपण आठवले पाहिजे. सरकारची माणसे घरात शिरत, आजारी माणसांना ओढून इस्पितळात नेत, सामान जाळत. पुण्यात याच संतापातून जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात, जेथे आपले विणकर लोक राहत, एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. गोळीबार झाला, माणसे मेली. लोक अडाणी होते म्हणून बिथरले, असे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या मुलीला परक्या माणसांनी उचलून नेऊ नये, असे वाटणे यात अडाणीपणा कोणता? विश्वास न मिळवता केलेले चांगले कामही जुलूम ठरते, हा मदनपुऱ्याचा धडा सरकारने शिकायचा होता.

समाजाने शिकायचा धडा दुसरा आहे, आणि तोही त्याच शहरात, त्याच सुमारास मिळतो. खोजा जमातीचे तरुण इमाम आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह, यांचे वय तेव्हा विशीच्या आसपास होते. त्यांनी हाफकिनची माहिती करून घेतली, त्याच्याशी चर्चा केली आणि आपला 'खुश्रू लॉज' हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. एवढे करून ते थांबले नाहीत. आपल्या लोकांसमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली, तीही एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा, लोकांची भीती मोडावी म्हणून. परिणाम असा झाला, की मुंबईच्या खोजा समाजातील हजारो स्त्री-पुरुषांनी आपण होऊन लस घेतली. एकाच शहरात, एकाच वर्षी, एका मोहल्ल्यात दंगल होते आणि दुसऱ्या जमातखान्यात लोक रांग लावतात. फरक माणसांच्या अकलेत नव्हता. फरक एवढाच होता, की एका ठिकाणी शिपाई आला आणि दुसऱ्या ठिकाणी आपल्यातला, आपल्या विश्वासाचा माणूस हात पुढे करून उभा राहिला.

१८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावी हाफकिनने प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही, म्हणजे तुलना चोख व्हावी. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तेथे लस घेतलेली ७१ माणसे होती, त्यांतील ३ मेली. न घेतलेली ६४ होती, त्यांतील २६ मेली. विद्यार्थी मित्रांनो, गणिताच्या तासाला शेकडेवारी कशाला शिकायची असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण सोडवून पाहावे.

ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. १८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईहून या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा बाहेर गेल्या.

मुंबईच्या या साथीचा अभ्यास करण्यासाठी १८९७ मध्ये आणखी दोन वैद्य कीव्हहून आले होते : व्हिसोकोविच आणि दानिलो झाबोलोत्नी. यांतील झाबोलोत्नीने विद्यार्थी असताना १८९३ साली सावचेन्को या सहकाऱ्याबरोबर एक धाडस केले होते. मेलेल्या पटकीच्या जंतूंची मात्रा आधी तोंडावाटे घेऊन, नंतर दोघेही जिवंत जंतू प्याले, आणि ठणठणीत राहिले. पुढे हाच माणूस युक्रेनच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. १९२८ मध्ये कीव्ह येथे त्याने स्थापन केलेली सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था आज त्याच्या नावाने ओळखली जाते.

मुलकोवालची बाटली

हाफकिनच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षा अजून व्हायची होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ही १९ माणसे एकाच बाटलीतील लस घेतलेली होती. चौकशी होऊन दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले. तो साहेब असला तरी इंग्रज नव्हता, डॉक्टरीची पदवी त्याच्याजवळ नव्हती, आणि तो यहुदी होता. अशा माणसाच्या बाजूने बोलणारे फारसे कोणी नसते.

पण कागदपत्रे होती. त्या दिवशी गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता, हे नोंदींतून पुढे आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण शाळेत शिकतो. म्हणजे दोष परळच्या बाटलीत नव्हता, मुलकोवालच्या जमिनीवर होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी सरकारने त्याला दोषमुक्त केले. तो पुन्हा हिंदुस्थानात आला, पण कलकत्त्याला. उमेदीची पाच वर्षे वाया गेली होती. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले, आणि १९६४ मध्ये भारत सरकारने त्याच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

१९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे तो वारला. लग्न केलेले नव्हते. आपली सारी मिळकत त्याने एका न्यासाला दिली होती. कशासाठी? पूर्व युरोपातील यहुदी धार्मिक पाठशाळांसाठी, त्यांत धर्मशिक्षणाबरोबर शास्त्राचे आणि हस्तव्यवसायाचे शिक्षण मिळावे म्हणून. ज्याने सारे आयुष्य जंतूंच्या अभ्यासात घालवले, त्याला धर्मपाठशाळा आणि प्रयोगशाळा यांत वैर दिसले नाही. आपल्या समाजात 'दीन की दुनिया' असा वाद घालणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी हे मृत्युपत्र समजून घ्यावे.

डोळा, मूत्रपिंड आणि हृदय

विसाव्या शतकातील तीन नावे थोडक्यात सांगतो.

ओडेशाचे व्लादिमिर फिलातोव हे नेत्रवैद्य. डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा पांढरा पडला की माणूस आंधळा होतो. त्या जागी दुसरा पडदा बसवता येतो, पण तो आणायचा कोठून? मृत माणसाच्या डोळ्याचा पडदा थंडीत राखून तो वापरता येतो, हे फिलातोव यांनी १९३१ पासून दाखवून दिले. आज आपल्याकडे नेत्रपेढ्या आहेत, त्यांचा पाया हाच.

दुसरे युरी व्होरोनी. ३ एप्रिल १९३३ रोजी खेरसोन येथे त्यांनी मृत माणसाचे मूत्रपिंड एका विषबाधा झालेल्या तरुणीला बसवले. माणसाचे मूत्रपिंड माणसाला बसवण्याचा हा जगातील पहिला प्रयत्न. रक्तगट जुळत नव्हते आणि ती स्त्री दोन दिवसांनी वारली. प्रयोग फसला, पण वाट दिसली. आज जे हजारो लोक दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर जगत आहेत, त्यांच्या रांगेच्या टोकाला ही अनाम तरुणी उभी आहे. अवयवदानाबद्दल आपल्या लोकांच्या मनात धार्मिक शंका असतात आणि उलेमांमध्येही मतभेद आहेत. १९८८ साली जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने काही अटी घालून अवयवरोपणास मान्यता दिली, एवढी माहिती आपणास असावी. बाकी निर्णय ज्याने त्याने जाणत्यांना विचारून घ्यावा.

तिसरे निकोलाय आमोसोव. हे शल्यविशारद तर होतेच, पण त्यांनी इंजिनिअरिंगचीही पदवी घेतली होती. हृदयाचे ऑपरेशन चालू असताना रक्ताभिसरण करणारे यंत्र त्यांनी कीव्हमध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर स्वतः तयार केले. यंत्र मागवायला परवाना नाही, पैसा नाही, म्हणून रडत न बसता ते घडवणारा हा माणूस.

मुलींसाठी एक नाव आवर्जून सांगतो : सोफिया ओकुनेव्हस्का. ऑस्ट्रियाच्या राज्यातील गॅलिशियात त्या काळी मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. घरी अभ्यास करून तिने परीक्षा दिली, झुरिकला जाऊन ती डॉक्टर झाली आणि आपल्या प्रदेशातील पहिली स्त्री-डॉक्टर म्हणून परत आली. आपल्या किती घरांत आजही स्त्री-डॉक्टर मिळाली तरच बाईला दवाखान्यात नेतात? मग ती स्त्री-डॉक्टर दुसऱ्याच्याच घरातून का यावी?

चेर्नोबिल

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील अणुभट्टीत स्फोट झाला. तीव्र किरणोत्सर्गाने त्या वर्षी २८ कामगार व अग्निशामक मरण पावले. पण दूरवरचे नुकसान मुलांचे झाले. किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडले, ते गायीच्या पोटात गेले, तेथून दुधात, आणि दुधातून मुलांच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत. पुढील दोन दशकांत युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या बाधित भागांत लहान वयात हा संसर्ग झालेल्यांमध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. वेळीच उपचार झाल्याने त्यांतील बहुतेक वाचले. सरकारने पहिल्या दिवसांत बातमी दडवली, लोक नेहमीसारखे दूध पीत राहिले. लपवलेले सत्य रोगाइतकेच घातक असते. घरातल्या टी. बी.च्या रोग्याला शेजाऱ्यांपासून लपवणाऱ्या कुटुंबांनीही हे ऐकून ठेवावे.

आपली मुले आणि परदेशी पदवी

आता शेवटचा, पण आपल्या खिशाला आणि काळजाला लागणारा मुद्दा. आपली मुले युक्रेनला का गेली? येथे सरकारी महाविद्यालयात जागा थोड्या, खाजगी महाविद्यालयाची फी मध्यमवर्गीय बापाच्या आवाक्याबाहेरची. युक्रेनमध्ये तुलनेने कमी खर्चात, जुन्या नावाजलेल्या विद्यापीठांत प्रवेश मिळे. खार्कीव्हचे विद्यापीठ तर १८०५ सालचे. मग २०२२ आले. मुले तळघरांत बसून राहिली, मैलोन्मैल चालून सरहद्दीवर पोहोचली. 'ऑपरेशन गंगा' मोहिमेत भारत सरकारने त्यांना परत आणले. खार्कीव्हमध्ये एका भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्याचा बळीही गेला. परत आलेल्यांचे शिक्षण अर्धवट लोंबकळले. कोणी दुसऱ्या देशात गेले, कोणी पुढे पुन्हा युक्रेनला गेले.

तेथील डॉक्टरांचे हाल तर याहून मोठे. ८ जुलै २०२४ रोजी कीव्हमधील ओखमातदित या मुलांच्या मोठ्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र आदळले. कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना सलाइनसह रस्त्यावर आणून बसवावे लागले.

म्हणून पालकांना माझे चार शब्द. परदेशी पाठवू नका, असे मी म्हणत नाही. बोलोन्याला जाणारा युरी आणि झुरिकला जाणारी सोफिया यांची गोष्ट सांगून मी तसे कसे म्हणेन? पण घर गहाण टाकण्यापूर्वी चौकशी करा. परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठीही नीट परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमात, एकाच संस्थेत पुरा करावा लागतो, बारा महिन्यांची उमेदवारी तेथे आणि पुन्हा येथेही करावी लागते. शिवाय भारतात आल्यावर परीक्षा आहेच, आणि तीत अडकून राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नियम बदलत असतात. दलालाच्या चकचकीत पत्रकावर विसंबू नका. आयोगाचे ताजे नियम स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतील शिक्षकांकडून वाचून घ्या.

आणि दुसरे असे, की वैद्यक म्हणजे केवळ एम. बी. बी. एस. नव्हे. हाफकिनजवळ डॉक्टरीची पदवी नव्हती. मेच्निकोव प्राणिशास्त्राचा अभ्यासक होता. सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या, प्रयोगशाळेचे तंत्र, संख्याशास्त्र, या सर्व वाटा रोग्याच्या खाटेपाशीच जातात. नीटमध्ये चार गुण कमी पडले म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला आयुष्यातून उठल्यासारखे वाटावे, असे वातावरण घरात ठेवू नका. आमच्या हुशार मुलांतून दहा डॉक्टर निघाले तर आनंद आहे. पण त्यांच्या बरोबरीने एक तरी संशोधक निघाला पाहिजे, आणि त्याच्या पाठीशी आपला बंगला नाही तर निदान एक शिष्यवृत्ती घेऊन उभे राहणारे कोणीतरी आपल्यात असले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, परळची ती इमारत दूर नाही. मुंबईला जाल तेव्हा तिच्यासमोर दोन मिनिटे उभे राहा. ज्याला त्याच्या देशाने जागा नाकारली, त्याने आपल्या आजोबा-पणजोबांचे प्राण वाचवण्यासाठी पहिली सुई स्वतःच्या अंगात घातली. त्याचे ऋण आपल्यावर आहे. ते पैशाने फेडता येत नाही, अभ्यासाने येते.